बेळगावात बिऱ्हाड नेण्याआधी

नवऱ्याला बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याकडून बोलावणं आलं ते 2023 च्या ऑक्टोबरात. काम त्याच्या आवडीचं, यंत्रांचे सुटे भाग घडवण्याचं. पगार पुण्यापेक्षा थोडा जास्त आणि घरापासून कारखाना पंधरा मिनिटांवर. सिंहगड रोडवरून भोसरीला जाऊन येण्यात त्याचे रोज तीन तास जात होते. मी लहान व्यावसायिकांचे हिशेब आणि विवरणपत्रं करते, तेही घरूनच, म्हणजे माझी अडचण नव्हती. मुलगी दुसरीत होती. मी आनंदानं कोल्हापूरला बाबांना फोन लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, ते भांडायला जायचं गाव. तिथं राहायला जाणार तुम्ही?"

बाबा 1986 च्या जूनमध्ये बेळगावला गेले होते, कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात. कोल्हापूरहून मित्रांबरोबर निघाले, शहराच्या तोंडाशीच पकडले गेले, दोन रात्री कोठडीत काढून परत आले. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे, की 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. पण त्या गावात माणसं सकाळी दूध कुठून आणतात, हे मला ठाऊक नव्हतं. ते बाबांनाही ठाऊक नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं, की होकार देण्याआधी हा प्रश्न नीट सोडवायचा. घरभाडं, शाळा, दवाखाना याची चौकशी सगळेच करतात. गावाच्या राजकारणाची चौकशी कशी करायची, हे मात्र कुणी सांगत नाही. एक तर 'तसलं काही नसतं हो, सगळं पेपरात' असं म्हणतात, नाहीतर 'तिकडे जाऊच नका'. दोन्ही उत्तरं मला पुरली नाहीत. आठ वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं होतं.

पहिलं काम केलं ते बातम्या वाचण्याचं. मागच्या चार-पाच वर्षांतल्या बेळगावच्या जेवढ्या बातम्या मिळाल्या, तेवढ्या वाचल्या आणि वहीत तारीखवार लिहिल्या. डिसेंबर 2021 मध्ये बंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना, त्यामागोमाग बेळगावच्या अनगोळमध्ये कित्तूरचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक. त्याच दिवसांत आमच्या पुण्यात, स्वारगेटजवळ, कर्नाटकाच्या बसना काळं फासलं होतं. तेव्हा ती बातमी मी वाचून बाजूला ठेवली होती. आता वहीत लिहिताना वाटलं, त्या बसमध्ये बसून कुणीतरी त्या संध्याकाळी आपल्या गावी जाणार असेल, आणि त्या बाईच्या आईनंही तिला फोन केला असेल.

वही भरत गेली तसं एक लक्षात आलं. बातम्यांना तारखा होत्या. 1 नोव्हेंबर, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि, 1956 मध्ये हे गाव तिकडे गेलं म्हणून, मराठी माणसांचा काळा दिन. 17 जानेवारी, 1956 च्या गोळीबारात गेलेल्यांचा हुतात्मा दिन. डिसेंबर, कारण बेळगावजवळच्या हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं आणि त्याला उत्तर म्हणून महाराष्ट्र एकीकरण समिती, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणारी संघटना, महामेळावा घ्यायला बघते. आणि चौथा काळ निवडणुकीचा. जागाही ठरलेल्या होत्या: राणी चन्नम्मा चौक, संभाजी चौक, हमरस्ता, टोलनाका. उरलेल्या तीनशे दिवसांविषयी आणि उरलेल्या गल्ल्यांविषयी पेपरात काही नव्हतं. त्या दिवसांत तिथे काय असतं, ते जाऊनच बघायला हवं होतं.

म्हणून तीनदा गेलो. पहिल्यांदा मुद्दाम साध्या मंगळवारी. दुसऱ्यांदा मुद्दाम 1 नोव्हेंबरला. आणि तिसऱ्यांदा मार्चमध्ये, घर बघायला.

त्या साध्या मंगळवारी आम्ही गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूर, टिळकवाडी असे नुसते हिंडलो. मी ऐकत होते. भाजीवालीनं माझ्याशी मराठीत भाव केला, शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि मागून आलेल्या पोराशी उर्दूत. कुठल्या माणसाशी कुठली भाषा, हे ती कशावरून ठरवत होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कुंद्याच्या, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईच्या दुकानात नवरा 'कन्नड येत नाही' असं अपराध्यासारखं म्हणाला, तर गल्ल्यावरचे अण्णा म्हणाले, "नसू दे की. खायला भाषा लागत नाही." मोर्चाच्या दिवशी काय होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बंद असतंय सकाळचं, खरं दुपारी शटर अर्धं वर घेतोय आम्ही." बेळगावच्या मराठीत 'खरं' म्हणजे 'पण', हे मी त्या दिवशी शिकले.

1 नोव्हेंबरला मुलीला कोल्हापूरला आजीकडे ठेवलं आणि आम्ही दोघंच गेलो. हा दिवस मला सविस्तर सांगायचा आहे, कारण आमचा निर्णय खरा त्या दिवशी झाला.

सकाळी संभाजी उद्यानापासून काळ्या दिनाची फेरी निघाली. मी कल्पना केली होती ती तरुण पोरांच्या गर्दीची. तरुण होते, पण माझी नजर गेली ती म्हाताऱ्यांकडे. दंडाला काळी फीत, डोक्यावर टोपी, हातात सायकल. काही सायकल चालवत नव्हते, हातात धरून चालत होते. 1956 साली ही माणसं पाच-दहा वर्षांची असतील. त्यांच्या वयाला मोजायचं तर हा वाद त्यांच्या पाठच्या भावासारखा. एक आजोबा कठड्यापाशी दम घ्यायला थांबले होते. मी त्यांना पाणी दिलं. पुण्याहून आलोय म्हटल्यावर त्यांनी मला विचारलं, "तिकडं अजून कुणाला आठवण हाय का आमची?" मला उत्तर देता आलं नाही. पुण्यात वर्षभरात बेळगावचं नाव माझ्या कानावर कितीदा पडलं होतं? बातमी झाली तेव्हाच.

दुपारनंतर चन्नम्मा चौकाकडे राज्योत्सवाची मिरवणूक. लाल-पिवळे झेंडे, रथ, ढोल, हजारो पोरं. नवऱ्याच्या होऊ घातलेल्या कारखान्यातले एक सहकारी, धारवाडकडचे, आपल्या दोन मुलांना घेऊन तिथे आले होते. त्यांनी आम्हाला ओळखलं, उसाचा रस पाजला. त्यांची धाकटी मुलगी खांद्यावर बसून झेंडा हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो आमच्याकडे 1 मेला किंवा शिवजयंतीला पोरांच्या चेहऱ्यावर असतो तोच. मला त्या पोरीचा राग येईना. सकाळच्या आजोबांचं दुःखही मनातून जाईना. एकाच तारखेला, दोन-चार किलोमीटरच्या आत, मी दोन्ही बघितलं होतं आणि दोन्ही खरं होतं.

रात्री परत येताना निपाणीच्या पुढे नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली. तो म्हणाला, "आपण 'तिथं सुरक्षित आहे का' एवढंच विचारत होतो. तिथं गेल्यावर आपल्याकडून लोक काय अपेक्षा करतील, ते विचारायला पाहिजे." त्याचं बरोबर होतं. मराठी आहोत म्हणून एका बाजूनं धरलेलं असणार. महाराष्ट्रातून आलोय म्हणून दुसऱ्या बाजूनं तोललं जाणार. आणि आम्ही तर भाकरीसाठी चाललो होतो. स्थानिक मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या तिथला आहे, त्यानं मार खाल्लाय, खटले अंगावर घेतलेत. आम्ही वर्षभरात नोकरी बदलून परत जाऊ शकतो. तो जाऊ शकत नाही. त्याच्या लढ्याबद्दल तावातावानं बोलायचा अधिकार आम्हाला आपोआप मिळत नाही. आणि त्याच्याकडे पाठ फिरवायचाही नाही.

त्यानंतर चौकशीची दिशा बदलली. आम्ही प्रश्न लिहून काढले आणि निरनिराळ्या माणसांना तेच विचारले. महापालिकेतून कागद कुठल्या भाषेत येतात? शाळेत कन्नड किती? कारखान्यात भांडण झालं तर कुठल्या कारणावरून होतं? नगरसेवकाकडे गेलं तर तो आधी काय विचारतो? मराठी बोलणाऱ्यांना विचारलं, कन्नड बोलणाऱ्यांना विचारलं. दोघांची उत्तरं जिथं जुळली, ती मी खरी मानली. ही पद्धत मला अजूनही पटते.

कागदांबाबत उत्तर जुळलं: कन्नड. वीजबिलावर इंग्रजी असतं, घरभाड्याचा करार इंग्रजीत होतो, पण महापालिकेची नोटीस, घरपट्टीची पावती हे कन्नडमध्ये. कायद्यानं भाषिक अल्पसंख्याकांना काही हक्क आहेत. जिथे एखादी भाषा बोलणारे 15 टक्के किंवा त्याहून अधिक असतील तिथे त्यांच्या भाषेत कागद मिळावेत, असं भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या अहवालांत वर्षानुवर्षं लिहिलं जातं. राज्यघटनेच्या 350 ब कलमानं नेमलेल्या या आयुक्तांचं प्रादेशिक कार्यालय बेळगावातच होतं. मराठी कागदांची मागणी अजून मागणीच आहे. हे वाचून मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. मात्र त्याच वेळी मी स्वतःला विचारलं, की आमच्या जतला, अक्कलकोटला कन्नड बोलणाऱ्या बाईला तिच्या भाषेत पावती मिळते का? तिचीही चौकशी मी आयुष्यात कधी केली नव्हती.

शाळेचं सगळ्यात अवघड गेलं. कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्यानं शाळांमधून कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणं सक्तीचं केलं आहे. आमची मुलगी तिसरीत जाणार, म्हणजे बरोबरीच्या मुलांचं दोन वर्षांचं कन्नड झालेलं. मराठी माध्यमाच्या एका शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी कर्नाटक सरकारची मराठी पाठ्यपुस्तकं दाखवली, शाळेचा जुना दाखलेबुक दाखवला आणि न विचारता म्हणाल्या, "पट कमी होतोय. आमचेच लोक इंग्रजीला घालतात." मीही मुलीला पुण्यात इंग्रजी माध्यमातच घातलेलं होतं. बाईंना ते सांगताना माझा आवाज उतरला. शेवटी इंग्रजी माध्यमाची, पण मराठी शिकवणारी शाळा घेतली. या निर्णयाचं समाधान मला आजही पूर्ण नाही. आणखी एक गोष्ट, बाहेरून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी: कर्नाटकात शाळा मेच्या अखेरीस उघडतात. महाराष्ट्राच्या हिशेबानं जूनच्या मध्याला पोहोचलं तर पोरगं पंधरा दिवस मागे पडतं.

निवडणुकांचे निकालही आम्ही बघितले. तिथे मला अपेक्षेपेक्षा वेगळं दिसलं. 2013 मध्ये समितीचे दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूरला. 2018 मध्ये एकही नाही, 2023 मध्येही नाही. महापालिकेची 2021 ची निवडणूक पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर झाली आणि 58 पैकी 35 जागा भाजपनं घेतल्या. त्याआधी त्या महापालिकेत माणूस मराठी गटाचा की कन्नड गटाचा, यावर सगळं चाले. पुढे आमचे घरमालक झालेल्या काकांनी हे मला एका वाक्यात सांगितलं: "आधी विचारत होते कुठल्या भाषेचा, आता विचारतात कुठल्या पक्षाचा. मराठी माणूस दोन्हीकडं निवडून येतोय, खरं सभागृहात मराठीत बोलायला उठत नाही."

मार्चमध्ये घर बघायला गेलो तेव्हा बाजारात दुकानांच्या पाट्या उतरवणं चाललं होतं. पाटीचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये हवा, असा कायदा कर्नाटकानं फेब्रुवारी 2024 मध्ये केला होता. काही दुकानांवर जुन्या मराठी अक्षरांवर कापड टाकलेलं, काहींवर नवा फ्लेक्स. एका शिंप्यानं त्याच्या वडिलांनी रंगवून घेतलेली देवनागरी पाटी आत, शिलाई मशीनच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. मी फोटो काढू का विचारलं. तो म्हणाला, "नको बाई. कुणी कशाला तरी लावेल."

टिळकवाडीत घर मिळालं. वरचा मजला, भाडं 14 हजार, डिपॉझिट 50 हजार. घरमालक काका वयानं पंच्याहत्तरीच्या पुढचे, निवृत्त मास्तर. अटी सांगताना पाणी, पार्किंग, मांसाहार वगैरे झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "आणि एक. गेटवर 1 नोव्हेंबरला काही लावायचं नाही. लाल-पिवळं नको, काळंही नको. माझं मी बघतो." मी कबूल केलं. नंतर कळलं, ते स्वतः दर वर्षी फेरीत असतात. पण भाडेकरूच्या नावानं घरावर दगड येऊ नये, आणि घराच्या नावानं भाडेकरूवर येऊ नये, हा त्यांचा हिशेब होता.

जायचा दिवसही मतदानानं ठरवला. 2024 च्या लोकसभेला बेळगावात 7 मेला मतदान होतं, पुण्यात 13 मेला. आमची नावं पुण्यात. मतदान करून मगच ट्रक भरला. सामान उतरवल्यावर कारखान्यातल्या त्या धारवाडकडच्या भाऊंनी पहिला सल्ला दिला: "गाडीचा नंबर आधी बदला." एमएच 12 ची पाटी घेऊन वर्षभर काही होणार नाही, पण ज्या दोन दिवशी होईल त्या दिवशी ती पाटीच बघतील. पुण्याच्या आरटीओकडून ना हरकत दाखला आणला, कर्नाटकाचा कर भरला आणि केए 22 लावली. बाबांना ते आवडलं नाही. फोटो पाठवला, तर उत्तरच आलं नाही.

पत्ता लिहितानाही दोन गावं होती. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारदरबारी नाव बेळगावी. आधारवर, बँकेत, शाळेच्या अर्जावर तेच. बोलताना बेळगाव. सुरुवातीला प्रत्येक वेळी मला थबकायला होई. नवीन आधारपत्ता आल्यावर राज्याच्या बसमध्ये बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं शून्य रुपयांचं तिकीट मिळायला लागलं, वीजबिल मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत बसलं. गावाचं राजकारण म्हणजे नुसता सीमावाद, असं आम्ही धरून चाललो होतो. घरात पैसे वाचवणारं हेही राजकारणच होतं आणि शेजारणींच्या बोलण्यात ते सीमावादापेक्षा जास्त येत होतं.

मी कन्नड शिकायला लागले. मुलीबरोबर तिच्याच पाटीवर. शेजारच्या अक्का रोज संध्याकाळी जिन्यात भेटत आणि विचारत, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. शेवटचा 'री' आदराचा. मी 'निधान माताड्री' म्हणायचे, सावकाश बोला. त्या हसत आणि मराठीत बोलत. एकदा मी हट्टानं कन्नडमध्येच उत्तर दिलं, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. त्या दाबण्यात काय होतं, ते मला नीट सांगता येणार नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत बाहेरून आलेली एक बाई मोडकंतोडकं मराठी बोले, तेव्हा मी तिच्याशी पटकन हिंदीत बोलायचे. तिचा हात असा धरायचं मला कधी सुचलं नाही.

दुसरीकडे मी सार्वजनिक वाचनालयाची सभासद झाले. 1848 सालचं वाचनालय. 1946 मध्ये याच गावात भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. पुण्यात घराजवळ वाचनालय असून मी गेले नव्हते. इथे दर शनिवारी जाते. मराठी पुस्तक इथे हातात घेताना मी जास्त जपून घेते, एवढं खरं.

परीक्षा आली ती 2025 च्या फेब्रुवारीत. सुळेभावीच्या वाटेवर, म्हणजे कुमार गंधर्व ज्या गावात जन्मले त्या गावाच्या वाटेवर, एका बसमध्ये तिकिटावरून मराठी-कन्नड असा वाद झाला आणि कंडक्टरला मारहाण झाली. त्याला उत्तर म्हणून महाराष्ट्राच्या एका एसटी चालकाला चित्रदुर्गाकडे काळं फासलं. दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबल्या. आई त्या आठवड्यात येणार होती. ती मिरजेवरून रेल्वेनं आली, कारण रेल्वे चालू होत्या. मी स्टेशनवर गेले तेव्हा पहिल्यांदाच रिक्षात बसल्यावर क्षणभर ठरवेना, की कुठल्या भाषेत सांगू. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि तोच म्हणाला, "कुठंबी बोला मावशी, भाडं तेवढंच हाय."

शाळेनं त्या दिवसांत वर्गात या विषयावर बोलू नये, असं मुलांना सांगितलं होतं. मुलीनं घरी येऊन विचारलं, "आपण कुठले?" मी तिला सगळं सांगितलं. 1956 मध्ये राज्यं भाषेवर वाटली, तेव्हा हे गाव तिकडे गेलं. 1967 च्या महाजन आयोगानंही ते तिकडेच ठेवलं, महाराष्ट्रानं ते मानलं नाही. 2004 पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. आजोबा त्यासाठी कोठडीत गेले. आणि तुझी मैत्रीण, जिच्याबरोबर तू डबा वाटून खातेस, तिच्या घरी दुसरी गोष्ट सांगतात. तीही ऐक. ती म्हणाली, "मग कोणाचं बरोबर?" मी म्हटलं, मला आजोबांचं बरोबर वाटतं, पण तिच्याशी भांडायचं कारण मला दिसत नाही. 22 मार्चला कर्नाटक बंद पुकारला होता. त्या दिवशी ती मैत्रीण आमच्याच गच्चीवर खेळत होती.

वर्ष झाल्यावर मतदारयादीचा प्रश्न आला. पत्ता बदलण्याचा नमुना 8 भरायचा, की पुण्यातच नाव ठेवायचं? नवरा म्हणाला, थांबू. मला मात्र वाटलं, ज्या गल्लीतला नाला तुंबला की मी ओरडते, तिथलं मत माझं हवं. दोन महिने वाद घातला आणि अर्ज भरला. बाबांना मी हे फोनवर सांगितलं नाही. ते मेमध्ये यायचे होते, म्हटलं समोरच सांगू.

ते आले. 1986 नंतर पहिल्यांदा. स्टेशनवर उतरल्यावर आधी त्यांनी नावाची पाटी बघितली आणि मग मला. संध्याकाळी घरमालक काकांबरोबर कट्ट्यावर बसले. तासाभरानं मी चहा घेऊन गेले, तर दोघं त्या जूनच्या दिवसांबद्दल बोलत होते. काकांनाही तेव्हा धरलं होतं, दुसऱ्या ठाण्यात. बाबांनी विचारलं, "मुलं कुठं असतात?" काका म्हणाले, "एक बंगळुरूला, एक तुमच्या पुण्याला. बंगळुरूच्या नातवाला मराठी वाचता येत नाही. मी पत्र लिहितो, त्याची आई वाचून दाखवते." बाबा काही बोलले नाहीत. मी तेव्हाच त्यांना अर्जाचं सांगून टाकलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, परत उचलला. "भरलास?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना गणपत गल्लीत घेऊन गेलो. त्यांना कुंदा घ्यायचा होता, कोल्हापूरला न्यायला. ते एका दुकानासमोर उभे राहिले आणि वर बघत राहिले. पाटी कन्नड, नवी. "काय लिहिलंय हे?" त्यांनी नातीला विचारलं. तिनं बोट धरून एकेक अक्षर वाचून दाखवलं. ते तिच्यामागून हळूहळू म्हणत गेले, आणि पाटी संपल्यावर म्हणाले, "परत एकदा वाच."